पडला तं कोन उचलीन?

सत्तरच्या दशकात मूर्तिजापूर तालुक्यातल्या कंझरा गावात एक खेळ खेळला गेला. बाहेरून आलेल्या अभ्यासकांनी गावकऱ्यांपुढे पैशांच्या काही जोड्या ठेवल्या. त्यांतली एक निवडायची आणि मग नाणं उडवायचं. पहिली निवड अशी की छापा पडो की काटा, ५० रुपये हमखास. दुसरीत छापा पडला तर ४५, काटा पडला तर ९५. त्यापुढे ४० आणि १२०, मग ३० आणि १५०, मग १० आणि १९०. शेवटच्या निवडीत छापा पडला तर हात हलवत घरी जायचं, काटा पडला तर २०० रुपये. पैसे खरे होते, नाणं जमिनीवर पडलं की हातात मिळणारे. त्यातली मोठी रक्कम त्या काळच्या मजुराच्या महिन्याभराच्या कमाईपेक्षा जास्त होती.

त्या माणसाच्या जागी स्वतःला उभं करून पाहा. पन्नास रुपये समोर आहेत, आपलेच आहेत. ते सोडून दोनशेच्या मागं जायचं का? जायचं तर कुठवर?

जोखीम घ्यायची हिंमत माणसात कुठून येते, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक वेळा भाषणांतून सोडवला जातो. वक्ता व्यासपीठावरून पोरांना सांगतो, भीती सोडा, उडी मारा. या प्रश्नावर जगात जो काही कसून अभ्यास झाला, त्यातला फार मोलाचा भाग आमच्या तालुक्यातल्या दोन गावांच्या वह्यांमधून निघाला आहे, आणि ते आम्हालाच ठाऊक नाही. हैदराबादजवळच्या पटानचेरूला १९७२ मध्ये इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. तिनं १९७५ मध्ये सहा गावं निवडली. दोन तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगर जिल्ह्यातली, दोन सोलापूरची (शिरापूर आणि कळमण) आणि दोन अकोला जिल्ह्यातली, कंझरा आणि किनखेडा. ही शेवटची दोन्ही मूर्तिजापूर तालुक्यात. प्रत्येक गावातली चाळीस घरं धरली. संस्थेची माणसं गावातच राहिली आणि कोणी काय पेरलं, किती मजुरी मिळाली, कोणाकडून उसनं घेतलं, कोणत्या घरात काय शिजलं, हे वर्षानुवर्षं लिहून ठेवलं. कंझऱ्याच्या नोंदी तर सलग दहा वर्षांच्या आहेत. नाण्याचा खेळ हान्स बिन्सवांगर या अर्थतज्ज्ञानं याच सहा गावांत खेळवला आणि १९८० मध्ये त्यावरचा लेख छापला.

त्या लेखातली पहिली गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बिन्सवांगरनं दोन रीतींनी विचारून पाहिलं होतं. एक, समोर बसून प्रश्न: असं असतं तर तुम्ही काय केलं असतं? दुसरी, खऱ्या पैशांचा खेळ. दोहोंची उत्तरं एकमेकांशी अजिबात जुळली नाहीत. तोंडी उत्तर विचारणाऱ्या माणसागणिक बदलत होतं. तोंडानं सांगितलेली हिंमत आणि हातानं दाखवलेली हिंमत या दोन वेगळ्या वस्तू निघाल्या. आपण लग्नाच्या पंगतीत, पानठेल्यावर, नोकरीच्या मुलाखतीत जिला हिंमत म्हणतो, ती बहुतेक पहिल्या प्रकारची असते.

दुसरी गोष्ट अशी. खेळ आठ आण्यांपासून सुरू झाला होता. रक्कम लहान होती तोवर माणसं विखुरलेली होती, कोणी बिनधास्त, कोणी जपून. रक्कम वाढत गेली तशी जवळजवळ सगळी माणसं मधल्या निवडींवर येऊन थांबली. अगदी हमखास पन्नासवर बसणारे थोडे, शेवटच्या टोकावर जाणारेही थोडेच. श्रीमंती वाढली की जपून वागणं किंचित कमी होतं असं दिसलं, पण तो फरक इतका बारीक होता की त्यावर भरवसा ठेवता येत नाही. वय, शिक्षण, जमीन, कशानंही फार फरक पडला नाही. एका गोष्टीनं मात्र पडला. आधीच्या खेळांत ज्याचं नाणं बरं पडलं होतं, तो पुढच्या खेळात जास्त पुढं सरकत होता. नशीब एकदा साथ देऊन गेलं की माणूस धीट होतो, नशिबानं एकदा पाडलं की जपून पाऊल टाकतो.

पंधरा एकरवाल्याचं काळीज आणि मजुराचं काळीज साधारण एकाच मापाचं आहे, असं त्या नाण्यानं सांगितलं. मग खऱ्या आयुष्यात पंधरा एकरवाला नवं बियाणं आधी लावतो, विहीर आधी खणतो, पोराला पुण्याला आधी पाठवतो, आणि मजूर मागं राहतो, ते कशामुळं? काळजात फरक नाही तर फरक कुठं आहे?

याचं उत्तर मला एका दालमिलपाशी सापडलं असं वाटतं. माझ्या आत्याचा मुलगा पुण्यात एका कंपनीत नऊ वर्षं काम करत होता. एका दिवाळीला घरी आला आणि म्हणाला, नोकरी सोडतो, मूर्तिजापूरला मिनी दालमिल टाकतो. तूर आपल्याच भागात पिकते, डाळ होऊन परत आपल्याच दुकानात येते, मधले पैसे दुसरे नेतात, असा त्याचा सरळ हिशोब होता. घरात बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आत्या म्हणाली, ‘‘चांगलं हाय बापा. पन पडला तं कोन उचलीन तुले?’’

तिला भित्री म्हणणं सोपं होतं, आणि तिथं बसलेल्या एक-दोघांनी म्हटलंही. मला वाटतं, त्या संध्याकाळी सगळ्यांत नेमका प्रश्न तिनंच विचारला होता. जोखमीवरचं चांगलं संशोधन फिरून फिरून याच प्रश्नापाशी येतं.

कंझऱ्यात पडलेल्याला कोण उचलत होतं, तेही त्या वह्यांत लिहिलेलं आहे. रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं कंझरा, शिरापूर आणि महबूबनगरचं औरेपल्ली या तीन गावांची आकडेवारी घेऊन १९९४ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जगभर तो आजही वाचायला लावतात, त्यामुळं दूरदेशीच्या वर्गांत कंझरा हे नाव उच्चारलं जातं. त्याला असं दिसलं की एखाद्या घराची कमाई एका वर्षी कोसळली तरी त्या घरातलं खाणंपिणं त्या मानानं कोसळत नाही. घराचा खर्च स्वतःच्या कमाईपेक्षा गावाच्या सरासरीबरोबर जास्त वर-खाली होतो. म्हणजे उसनंपासनं, धान्याची देवघेव, भावकी, शेजार, या सगळ्यांतून गाव एकमेकांना धरून होतं. हे धरणं पुरतं नव्हतं. तीनपैकी एका गावात भूमिहीन घरांना त्याचा आधार शेजाऱ्यांपेक्षा कमी मिळत होता. आणि पाऊसच रुसला की सगळं गाव एकदम पडतं, तेव्हा कोणी कोणाला उचलायचं? शेजाऱ्याच्या कणगीतही तेव्हा तळच दिसतो.

मग माणसं दुसरे आधार शोधतात. पहिला आधार बैल. मार्क रोझेनझ्वाइग आणि केनेथ वोल्पिन यांनी १९९३ मध्ये याच गावांच्या नोंदींवरून दाखवलं की चांगल्या वर्षी शेतकरी बैल घेतो आणि वाईट वर्षी विकतो, बँकेत पैसे ठेवावे-काढावे तसा. पण बैल ही नुसती ठेव नसते, ते शेतीचं हत्यार असतं. पोटासाठी बैल विकला की पुढच्या जूनमध्ये पेरणी दुसऱ्याच्या जोडीवर, दुसऱ्याच्या सवडीनं. ओल उडून जाते तोवर आपली पाळी येते. माझ्या लहानपणी आजोबांनी एका हिवाळ्यात एक बैल विकला होता, ते मला आठवतं. घेणाऱ्यानं बैल ओढला तेव्हा आजोबांनी त्याच्या गळ्यातलं दावं सोडून स्वतःजवळ ठेवून घेतलं. ते दावं गोठ्यातल्या खुंट्याला दोन वर्षं तसंच टांगलेलं होतं. दोन वर्षं आमच्या वावरात पेरणी उशिरा झाली.

दुसरा आधार सोयरिकीचा. हे वाचताना मी थोडा थांबलो. रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये याच नोंदी पाहून असं मांडलं की कोरडवाहू गावांतली घरं लेकी दूरच्या गावांना देतात, त्यात पावसाचाही हिशोब असतो. आपल्याकडे पाऊस गेला तर व्याह्यांकडे आला असेल, अडीनडीला तिकडून काही येईल. ज्या घराचं उत्पन्न जास्त हेलकावे खातं ते घर अशा दूरच्या सोयरिकीवर जास्त टेकलेलं असतं. बापाच्या जोखमीचा विमा म्हणून पोरगी चाळीस कोसांवर गेली, असा याचा अर्थ. तिला कोणी विचारलं नव्हतं. घरच्या हिंमतीची किंमत घरातली बाई कशी भरते, याचा हा एक जुना, शांत पुरावा आहे.

तिसरा आधार वावरातच असायचा. तिफणीनं पेरायच्या काळात मागं सरतं धरून पऱ्हाटीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ सोडायचे, जागोजागी ज्वारीही टाकायचे. पऱ्हाटी पैशासाठी, ज्वारी माणसाच्या पोटाला आणि कडबा ढोरांना. तुरीचं मूळ खोल जातं, पावसानं मध्येच दडी मारली तरी ती तग धरते आणि सगळ्यांच्या नंतर, हिवाळ्यात हाती येते. एका वावरात तीन वेगवेगळ्या पावसांची सोय. कृषी विभागाच्या पोस्टरवर जोखीम व्यवस्थापन हे शब्द येण्याच्या कितीतरी आधी, ते शब्द कधीच न वापरलेल्या माणसांनी हे केलं होतं.

या जपून वागण्याला किंमत आहे, आणि ती फार मोठी आहे. रोझेनझ्वाइग आणि बिन्सवांगर यांनी १९९३ मध्ये ती मोजली. पाऊस केव्हा सुरू होईल याची अनिश्चितता एका मापानं कमी झाली, तर सगळ्यांत गरीब चतुर्थांश शेतकऱ्यांचा सरासरी नफा ३५ टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असं त्यांना आढळलं. सधन शेतकऱ्यांच्या नफ्यावर त्या अनिश्चिततेचा जवळजवळ परिणामच नव्हता. गरीब शेतकरी हुशारीत कमी नव्हता. त्याला दुसऱ्यांदा पडायची सोय नव्हती, म्हणून तो कमी फायद्याचं पण टिकणारं पीक धरून बसत होता. कंझऱ्याच्या नाण्याच्या खेळात हरलेल्या माणसाचं बी-बियाणं जात नव्हतं, म्हणून तिथं सगळी काळजं एका मापाची दिसली. वावरात जातं, म्हणून तिथं फरक पडतो.

आपल्याकडे एक वाक्य फार चालतं, की मारवाडी-गुजराती माणसात धंद्याची जिगर असते, मराठी माणूस नोकरीच्या मागं लागतो. हे वाक्य मला आता पटत नाही. पेढीवर बसणाऱ्या तरुणाच्या मागं काका असतो, मामा असतो, जातभाईंची उधारी असते, एकदा बुडाला तर दुसऱ्या दुकानावर बसवणारे हात असतात. त्याची जिगर खरीच आहे, आणि तिला उभं राहायला जागाही आहे. ती जागा त्या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या जाणीवपूर्वक बांधली, त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. नुसत्या जिगरीचं कौतुक करून ते शिकता येणार नाही.

मोठमोठ्या धाडसांच्या गोष्टी जरा खालून पाहिल्या तर हेच दिसतं. मूर्तिजापूरवरून जाणारी मुंबई-नागपूर रेल्वेलाइन ज्या जीआयपी कंपनीनं टाकली, तिनं १८६७ मध्ये नागपूर गाठलं. दऱ्या, घाट, पूर, तापाची साथ, केवढं धाडस! ते धाडस ज्या हजारो मजुरांनी अंगावर घेतलं त्यांची नावं कुठं नाहीत. लंडनच्या भागधारकांचं म्हणाल, तर १८४९ च्या करारानं त्यांना भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी होती आणि कमी पडलं तर ते हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायचं होतं. इंग्लंडात १८५५ मध्ये मर्यादित जबाबदारीचा कायदाही झाला. कंपनी बुडाली तर भागधारकाचा भाग बुडेल, त्याच्या घरादाराला हात लावता येणार नाही. कापसाच्या गाठी नेणाऱ्याला ही मर्यादा मिळाली. तो कापूस पिकवणाऱ्याला ती आजही नाही. त्याचं कर्ज त्याच्या सातबारावर चढतं.

जमशेटजी टाटांची गोष्ट तर वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचीच आहे. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत पेढ्या आणि बँका आडव्या झाल्या. टाटांची पेढीही त्या तडाख्यात सापडली. पुढं ॲबिसिनियाच्या मोहिमेला माल पुरवण्याच्या कंत्राटात वडिलांनी, नसरवानजींनी, घर सावरलं. मग जमशेटजींनी सगळ्यांसारखी मुंबईत गिरणी काढायची सोडून जिथं कापूस पिकतो तिथं, नागपूरला, एम्प्रेस मिल काढली. ती १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. दलदलीची जागा भरून तिच्यावर गिरणी उभारायच्या या बेताला पैसे द्यायला नागपूरच्या एका सावकारानं नकार दिला होता, सोनं मातीत घालणं आहे म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. जमशेटजी थोर होतेच. एकदा पडल्यावर त्यांना पुन्हा उभं राहता आलं, हे त्या थोरवीच्या तळाशी आहे. त्याच १८६५ च्या घसरणीत कापूस पिकवणारी कितीतरी घरं सावकाराच्या वहीत गेली असतील. त्यांच्यापैकी कोणी एम्प्रेस मिल काढली असती का, ते आता कळायला मार्ग नाही.

इथं एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढं जाववत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या लाटेनंतर जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं, त्या सहांत आमचा अकोलाही होता. एखाद्या घरात असं घडलं की गावात म्हणतात, ‘हिंमत हारला’. हे शब्द म्हणणारा वाईट हेतूनं म्हणत नाही, पण मला ते सहन होत नाहीत. त्या माणसानं वीस-पंचवीस जून पाहिलेले असतात. दर जूनमध्ये आभाळाकडं पाहून घरातलं होतं-नव्हतं ते मातीत टाकलेलं असतं. पाऊस फिरला की दुबार पेरणी केलेली असते. कोणत्याही कंपनीचा मालक आपलं सगळं भांडवल दरवर्षी असं उघड्यावर टाकणार नाही. हिंमत त्यानं शेवटपर्यंत केली होती. पाठीशी काही उरलं नव्हतं.

आता उलट बाजूचा पुरावा. हातात काहीच नसताना उडी मारलेली माणसं याच मातीत झाली, आणि त्यांच्याबद्दल न बोलता हा आढावा खरा होणार नाही. देबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा, जन्मले अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी. वाढले ते मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, आजोळी. गुरं राखली, मामाच्या वावरात औत धरलं. त्यांचं पहिलं धाडस मला नेहमी मुलीच्या बारशाचं वाटतं. परीट समाजातल्या रीतीप्रमाणं बारशाला दारू आणि मटण हवं. वडील दारूपायी गेलेले त्यांनी पाहिले होते. त्यांनी पंगतीत गोड जेवण वाढलं. आज हे वाचायला सोपं आहे. त्या काळी जातपंगतीत सगळ्यांच्या पानात न रुचणारं वाढणं म्हणजे उद्या आपल्या दारात प्रेत पडलं तर खांदा द्यायला कोणी येईल की नाही, ही जोखीम होती. सावकारानं मामाचं वावर बळकावलं तेव्हाही देबूजी वावरात पाय रोवून उभा राहिला. त्याला पाठबळ फक्त स्वतःच्या मनगटाचं होतं.

आणि १ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि एक फुटकं गाडगं. जेवण त्यातच, पाणी त्यातच. या माणसाला पाडायचं तर कुठून पाडणार? त्यांनी आधार बांधला नाही, गमावण्यासारखं जेवढं होतं तेवढं आधीच खाली ठेवून दिलं. धाडसाकडं जाणारी ही दुसरी वाट आहे. तिच्यावरून चालत त्यांनी पुढं ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला, मूर्तिजापूरला गोरक्षण आणि धर्मशाळा, पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी केली. लाखो रुपये गोळा केले आणि स्वतःसाठी छप्परही ठेवलं नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, प्रवासातच, त्यांनी देह ठेवला.

पण दापुऱ्याच्या घरात त्या फेब्रुवारीत आई सखुबाई होती, पत्नी कुंताबाई होती, लेकरं होती. बाबांनी गमावण्यासारखं खाली ठेवलं, ते कुंताबाईंनी उचललं. बाबांवर माझी निरपवाद श्रद्धा आहे, आणि त्या श्रद्धेत कुंताबाईंचा वाटा मोजायला मला अडचण वाटत नाही. एकाच्या धाडसाचा भार कोणाच्या तरी खांद्यावर येतो, हे त्या घरानं भोगून पाहिलं.

गरज कमी करून धाडस मिळवायची ही वाट पुढं मेळघाटातही दिसली. डॉ. रवींद्र कोल्हे १९८० च्या दशकात धारणी तालुक्यातल्या बैरागडला रुग्णसेवेसाठी गेले. लग्नासाठी मुलगी पाहताना त्यांनी अटी सांगितल्या होत्या: चाळीस किलोमीटर चालायची तयारी, पाच रुपयांत नोंदणी लग्न, महिना चारशे रुपयांत संसार. नागपूरच्या डॉ. स्मिता यांनी त्या मान्य केल्या. दोघांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. इथं खांदे दोन होते आणि दोघांनी आपापल्या मर्जीनं लावले होते. दापुऱ्याच्या आणि बैरागडच्या घरात मला हा फरक मोठा वाटतो.

सगळ्यांनी गाडगं हातात घ्यावं असं कोणी म्हणणार नाही. बाकीच्यांसाठी आधारच बांधावा लागतो, आणि तो किती थोडा पुरतो याचा एक पुरावा बांगलादेशातून आला आहे. रंगपूर भागात भात कापणीआधी दरवर्षी उपासमारीचे दिवस यायचे, तिथं त्याला मोंगा म्हणतात. शहरात जाऊन काम केलं तर घर तगतं, पण माणसं जायला धजत नव्हती. गेलो आणि काम मिळालं नाही तर घरचे शेवटचे पैसे जातील. २००८ मध्ये संशोधकांनी काही घरांना साधारण बसभाड्याएवढे, सहाशे टका दिले. तेवढ्यावर पाचातल्या एका घरानं एरवी गेला नसता असा माणूस पाठवला. पुढच्या वर्षी पैसे दिले नाहीत, तरी त्यांतले बरेच पुन्हा गेले. एकदा वाट माहीत झाली होती. घानातही असंच दिसलं. शेतकऱ्याला पावसाचा विमा दिला, तर तो हातातला पैसा वावरात जास्त घालतो. न दिला, तर पैसा असूनही हात आखडतो.

या बाबतीत महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशा दोन गोष्टी आहेत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खडी फोडायचं, बांध घालायचं काम, मजुरी तुटपुंजी. पण वावरात काही उगवलं नाही तरी हाताला काम मागता येईल, एवढी जमीन तिनं भूमिहीनाच्या पायाखाली टाकली. दुसरी गोष्ट पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांची. एकेका शेताचं नुकसान मोजत बसण्यापेक्षा सगळ्या परिसराचं उत्पन्न पाहून विमा द्यावा, हा विचार त्यांनी १९७६ पासून मांडला आणि १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना त्या विचारावर उभी राहिली. खरीप २०१६ पासून प्रधानमंत्री पीक विमा आला. राज्यानं २०२३ मध्ये तो एका रुपयात दिला, २०२५ मध्ये ती सवलत थांबली, आणि आता कपाशीसारख्या नगदी पिकाला शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा ५ टक्क्यांपर्यंत जातो. विमा वेळेवर आणि भांडणाशिवाय मिळाला तरच तो आधार असतो. डिसेंबरात हवा असलेला पैसा पुढच्या पोळ्याला आला, तर मधल्या जूनमध्ये सावकाराचं दार पुन्हा वाजवलेलं असतं.

जोखमीबद्दल बोलताना एक वाट सहसा कोणी जोखमीची धरत नाही, ती स्पर्धा परीक्षेची. पहाटे आमच्याकडच्या मैदानावर पोलीस भरतीची पोरं धावताना दिसतात, अमरावती-पुण्याच्या अभ्यासिकांत तिशीला आलेली मुलं बसलेली आहेत. घरचे म्हणतात, सरकारी नोकरीची वाट, म्हणजे सुरक्षित. जागा थोड्या, बसणारे अफाट, आणि पणाला लागलेली आयुष्याची सहा-आठ वर्षं. कंझऱ्याच्या खेळातली ही शेवटची जोडी आहे, शून्य किंवा दोनशे. तिला पहिल्या जोडीचं नाव दिलं गेलंय एवढंच. याच पोरानं दोन लाख रुपये मागून दुकान टाकतो म्हटलं असतं, तर घरात आकांत झाला असता.

दालमिल पाच वर्षं झाली सुरू आहे. पहिली दोन वर्षं वाईट गेली. तुरीला तेल-पाणी नीट बसेना, डाळ फुटायची, चुरी जास्त पडायची, आणि चुरी ढोरांच्या चाऱ्याच्या भावानं जायची. तिसऱ्या हंगामात हात बसला. आता नातेवाइकांत लग्नकार्य असलं की आत्येभावाला मध्ये बसवतात आणि पोरांना सांगतात, पाहा, यानं कशी हिंमत केली. तो ऐकून घेतो, थोडा लाजतो.

गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे उतरलो होतो. अंगणात ताडपत्रीवर तूर वाळत होती आणि वहिनी फावड्यानं ती हलवत होत्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. शाळेला सुट्ट्या होत्या म्हणून घरी. मी त्यांना विचारलं, त्या दिवाळीला तुम्ही काय म्हणाल्या होत्या?

‘‘मी कुठं काय म्हटलं, भाऊजी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सासूबाई विचारत होत्या ना, कोन उचलीन म्हणून. मी रात्री पासबुक काढून बसले. पगारातून घरखर्च, मुलाची फी आणि मशीनचा हप्ता निघतो का पाहिलं. तीन वर्षं निघत होता. मग सकाळी यांना म्हटलं, तीन वर्षं पाहा.’’

फावडं त्यांनी भिंतीला टेकवलं, मूठभर तूर उचलून दाताखाली एक दाणा फोडून पाहिला आणि म्हणाल्या, अजून एक ऊन पाहिजे.